नॉस्टिक पंथ आणि पाश्चात्त्य गूढविद्या : वाचनाची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

नागपूरच्या सीताबर्डीवरील पुस्तकांच्या दुकानांत ‘अध्यात्म’ अशी पाटी असलेल्या कप्प्यात वास्तुशास्त्र, हस्तसामुद्रिक आणि टॅरो यांच्या शेजारी मॅडम ब्लाव्हाट्स्की यांचे जाडजूड खंड किंवा मॅनली हॉल यांचा १९२८ चा ‘सर्व युगांतील गुप्त शिकवणीं’चा ग्रंथ अधूनमधून दिसतो. नॉस्टिक पंथ (आरंभीच्या ख्रिस्ती काळातील, गुप्त ज्ञानातून मुक्ती मानणारे गट), हर्मीस या पौराणिक ऋषीच्या नावावरील विद्या, किमया (धातूंचे सोने करण्याची विद्या), रोझिक्रुशियन गुप्त मंडळे यांविषयी कुतूहल असलेला नागपूरचा वाचक साहजिकच तिथूनच पुस्तक उचलतो आणि शे-दीडशे पानांनंतर ते बाजूला ठेवतो. यात वाचकाचा दोष नाही. दुकानात सहज मिळणारी पुस्तके आणि सुरुवातीला वाचण्याजोगी पुस्तके यांची या विषयात फार क्वचित गाठ पडते. गेल्या काही वर्षांत विकत घेतलेल्या, मागवलेल्या आणि उसन्या आणलेल्या अशा काही इंग्रजी पुस्तकांचे हे परीक्षण त्या अनुभवातून लिहिले आहे.

परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे. या विषयावरील पुस्तके दोन जातींची असतात. काही पुस्तके या परंपरांचा अभ्यास करतात, तर काही स्वतःच त्या परंपरेचा भाग असतात. दुसऱ्या जातीची पुस्तके टाकाऊ नसतात, अनेकदा तीच अधिक रसाळ असतात. मात्र त्यांना वाटाड्या समजून त्यांच्यामागे गेल्यास वाचक एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये पोहोचतो आणि आपण दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियात आहोत असे त्याला वाटत राहते.

ब्लाव्हाट्स्की यांचेच उदाहरण घ्या. त्या सहसंस्थापक असलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १८७५ मध्ये न्यूयॉर्कला झाली, १८७९ मध्ये संस्थापक मुंबईला आले आणि १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे मुख्य ठाणे झाले, हा इतिहास ॲनी बेझंट यांच्यामुळे मराठी वाचकाला थोडाफार ठाऊक असतो. ब्लाव्हाट्स्की यांचा ‘आयसिस अनव्हेल्ड’ १८७७ चा आणि ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ १८८८ चा. त्या लिहीत होत्या तेव्हा नॉस्टिकांचे स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे साहित्य युरोपच्या हाती होते. ब्रिटिश म्युझियमने १७८५ मध्ये विकत घेतलेले ‘पिस्टिस सोफिया’ या नॉस्टिक ग्रंथाचे कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती भाषेच्या शेवटच्या रूपातील) हस्तलिखित आणि आणखी एखाददुसरा जुडगा सोडला, तर बाकी सगळी माहिती नॉस्टिकांच्या शत्रूंनी लिहिलेली होती. ब्लाव्हाट्स्की यांनी त्या अपुऱ्या सामग्रीतून आणि स्वतःच्या अफाट वाचनातून जे उभे केले, ते आधुनिक गूढविद्येचा इतिहास समजून घेण्यासाठी अनिवार्य आहे. नॉस्टिक समजून घेण्यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही. अड्यारच्या आवृत्त्या तुलनेने स्वस्त असतात, त्या जरूर घ्याव्यात, पण पाचव्या-सहाव्या क्रमांकावर.

त्यांचे सचिव राहिलेले जी. आर. एस. मीड हे याच वर्तुळातील अधिक शिस्तीचे लेखक. त्यांनी १८९६ मध्ये ‘पिस्टिस सोफिया’चा इंग्रजी अनुवाद केला, १९०० मध्ये लुप्त पंथांच्या अवशेषांवर एक मोठे पुस्तक लिहिले आणि १९०६ मध्ये हर्मीसच्या ग्रंथांचे तीन खंड काढले. हे सर्व आता स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे त्यांच्या पुनर्मुद्रणांचा सुळसुळाट झाला आहे, आणि येथे एक इशारा देणे भाग आहे. ऑनलाइन मागवलेली अशी एक प्रत माझ्याकडे आली, तिचे मुखपृष्ठ झकपक होते आणि आत जुन्या पुस्तकाचे यंत्राने वाचलेले, कोणीही न तपासलेले अक्षर होते. तळटिपा परिच्छेदाच्या मधोमध घुसल्या होत्या, प्रत्येक पानाचे शीर्षक वाक्याच्या पोटात येऊन बसले होते, ग्रीक शब्दांच्या जागी विरामचिन्हांची रास होती. अशा पुस्तकावर प्रकाशनाचे मूळ वर्ष आणि संपादकाचे नाव छापलेले नसेल, तर ते घेऊ नये. त्यापेक्षा मूळ छापील पुस्तकाची छायाप्रत संगणकावर फुकट वाचलेली बरी.

आता मुख्य गोष्टीकडे. नॉस्टिक या नावाखाली मोडणारे गट साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात, विशेषतः इजिप्तमध्ये आणि खुद्द रोममध्ये, फुलले. व्हॅलेंटायनस आणि बॅसिलिडीज हे त्यांचे नामांकित आचार्य. पुढे जवळजवळ दीड हजार वर्षे त्यांची ओळख जगाला झाली ती मुख्यतः आयरेनियस या लियॉनच्या बिशपाने इ. स. १८० च्या सुमारास लिहिलेल्या पाच खंडांच्या खंडनग्रंथातून. याच आयरेनियसला २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘ऐक्याचा आचार्य’ ही पदवी दिली. ज्यांच्याशी त्याचे ऐक्य जमले नाही, त्यांचा वृत्तांत आपण त्याच्याच तोंडून ऐकत आलो, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

विदर्भातील वाचकाला ही परिस्थिती समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीच्या कुलपात शतकानुशतके राहिले, पंथाबाहेरच्यांनी त्यांच्याविषयी ऐकीव आणि बहुधा कुत्सित असे खूप काही सांगितले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ते साहित्य उलगडले तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. महानुभावांचे रिद्धपूर नागपूरहून काही तासांच्या अंतरावर आहे, आणि ‘लीळाचरित्र’ वाचलेल्या माणसाला आयरेनियस किती सावधपणे वाचावा हे आपोआप कळते. साम्य आणखी पुढेही नेता येते. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र मानलेले आहेत आणि देवतांच्या हाती मोक्ष नाही. नॉस्टिकांच्या अनेक ग्रंथांतही या जगावर सत्ता चालवणारे अधिकारी आणि त्यांच्या पलीकडचा अज्ञात परमपिता यांत अशीच भिंत आहे. मात्र चक्रधरांच्या दर्शनातील देवता हे जग कपटाने घडवणारे तुरुंगाधिकारी नाहीत. शिवाय साम्य दिसले म्हणून मूळ एकच, असे अनुमान काढायला लागणे ही ‘अध्यात्म’ कप्प्याची खोड आहे. तेराव्या शतकातील वऱ्हाड आणि दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रिया यांच्यात धागा जोडण्याचा मोह आवरावा.

नॉस्टिकांचे कुलूप १९४५ मध्ये उघडले. वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ शेतकऱ्यांना एका रांजणात चामड्याच्या बांधणीतील कॉप्टिक पोथ्या सापडल्या. बारा पोथ्या आणि तेरावीची काही पाने, मिळून बावन्न लहानमोठे ग्रंथ, असा तो ठेवा आज कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहे. काही पाने चुलीत गेली असे सांगतात, एक पोथी देशाबाहेर जाऊन १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या संस्थेसाठी विकत घेतली गेली, आणि संपूर्ण इंग्रजी अनुवाद जेम्स रॉबिन्सन यांच्या संपादनाखाली एका खंडात यायला १९७७ साल उजाडले.

सुरुवातीचे पुस्तक म्हणून बहुतेक जण इलेन पेगल्स यांच्या ‘द नॉस्टिक गॉस्पेल्स’चे नाव घेतात. १९७९ चे हे पुस्तक आकाराने लहान, सहा प्रकरणांचे आणि अत्यंत वाचनीय आहे. त्यांचा मुद्दा असा की, आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील सिद्धान्तांचे वाद हे सत्तेचेही वाद होते. येशू देहासह पुन्हा उठला असे मानले, तर त्याला पाहणाऱ्या मोजक्या शिष्यांचा आणि त्यांच्या वारस बिशपांचा अधिकार पक्का होतो. तो अंतर्यामी दिसतो असे मानले, तर उद्या कोणीही उठून आपल्याला दर्शन झाल्याचे सांगू शकतो. एक देव मानणे आणि गावात एकच बिशप असणे यांचा संबंध त्या ज्या सफाईने दाखवतात, ती पाने गुरुपरंपरेचे वाद जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला विशेष रुचतील. देवाला पिता आणि माता दोन्ही म्हणणाऱ्या ग्रंथांवरील प्रकरणही असेच ठसठशीत आहे.

तरीही या पुस्तकाच्या दोन मर्यादा सांगायला हव्यात. एक तर पेगल्स वेगवेगळ्या गटांना एकाच नावाखाली बरेच सैलपणे वावरू देतात, त्यामुळे ‘नॉस्टिक असे मानत’ या वाक्याचा कर्ता नेमका कोण हे पानागणिक बदलते. दुसरे असे की, मूळ ग्रंथांतील विश्वरचनेची गुंतागुंत, नावांची जंत्री, स्वर्गांच्या पायऱ्या, हे सारे त्यांनी पुष्कळसे बाहेर ठेवले आहे. परिणामी पुस्तक मिटताना नॉस्टिक म्हणजे आपल्यासारखेच मोकळ्या विचारांचे, संस्थेला कंटाळलेले लोक असा ग्रह होतो, आणि मूळ ग्रंथ हाती घेतल्यावर वाचक दचकतो. शोधाची जी चित्तथरारक कथा पुस्तकाच्या आरंभी येते, तिच्या तपशिलांवरही गेल्या दशकातील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. एवढे लक्षात ठेवून हे पुस्तक पहिले नव्हे, पण दुसरे म्हणून निःशंक घ्यावे.

पहिले कोणते, तर मूळ ग्रंथच. मार्व्हिन मायर यांनी संपादित केलेला ‘द नाग हम्मादी स्क्रिप्चर्स’ हा २००७ चा संग्रह मला या सर्व खरेदीतील सर्वांत फायद्याचा सौदा वाटतो. आकार पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण हा खंड ओळीने वाचायचा नसतोच. प्रत्येक ग्रंथाच्या आधी जाणकाराची प्रस्तावना आहे, आणि नाग हम्मादीच्या बाहेरचे दोन महत्त्वाचे जुडगेही त्यात समाविष्ट आहेत: १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेल्या बर्लिन पोथीतील ‘मरियेचे शुभवर्तमान’ आणि २००६ मध्ये जगभर गाजलेले ‘यहूदाचे शुभवर्तमान’.

यात आधी ‘थोमाचे शुभवर्तमान’ काढावे. येशूची ११४ वचने, बस्स. जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, वधस्तंभ नाही. काही वचने बायबलच्या वाचकाला ओळखीची वाटतात, काहींपाशी थबकायला होते. याचे ग्रीक तुकडे इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील उकिरड्यात १८९७ पासूनच मिळू लागले होते, पण ते कोणत्या ग्रंथाचे आहेत हे पूर्ण कॉप्टिक प्रत सापडल्यावरच कळले. हा ग्रंथ नॉस्टिक आहे की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि नवख्या वाचकासाठी हीच त्याची सोय आहे: विश्वरचनेचे ओझे न उचलता त्या काळाचा स्वर कानी पडतो. त्यानंतर सहाव्या पोथीतील ‘मेघगर्जना’ ही रचना वाचावी, जिच्यात एक स्त्रीस्वर स्वतःला एकाच दमात पूज्य आणि तिरस्कृत, पत्नी आणि कुमारिका म्हणवतो. मुक्ताबाईंच्या कूट अभंगांची सवय असलेल्या कानाला ही रचना परकी वाटणार नाही.

मग मात्र कठीण घास घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे ‘योहानाचा गुप्तग्रंथ’. याच्या चार प्रती उपलब्ध आहेत, तीन नाग हम्मादीच्या आणि एक बर्लिनची. दोन विस्तृत, दोन संक्षिप्त. एकाच ग्रंथाच्या इतक्या प्रती मिळाव्यात यावरूनच त्याचे महत्त्व ध्यानात येते. कथा अशी: अवर्णनीय परमात्म्यापासून उत्पन्न झालेल्या तत्त्वांपैकी सोफिया (म्हणजे प्रज्ञा) ही शेवटची. ती जोडीदाराच्या संमतीवाचून निर्मिती करते आणि तिच्या पोटी सिंहमुखी सर्पाच्या रूपाचा यल्दाबओथ जन्मतो. ती त्याला ढगात लपवते, तो मात्र आपल्या आईच्या पलीकडे कोणी आहे हे न जाणता जग रचतो आणि घोषित करतो की, मी मत्सरी देव आहे, माझ्यावाचून दुसरा देव नाही. यावर ग्रंथकाराची टिप्पणी मोठी मार्मिक आहे. दुसरा कोणी नसेल, तर हा मत्सर कोणाचा करतो आहे? जुन्या करारातील देवाच्या वचनाला एका प्रश्नाने असे उलटे टांगणारी ही जागा वाचली की, आयरेनियस इतका का चिडला होता ते समजते.

विस्तृत प्रतीत मध्येच माणसाचा देह घडवणाऱ्या देवदूतांची यादी लागते. डोके कोणी केले, उजवा कान कोणी, डाव्या पायाची बोटे कोणी, अशी नावांमागून नावे येतात, आणि उरलेली झरथुष्ट्राच्या पुस्तकात पाहावीत असा दाखलाही ग्रंथ देतो. येथे अनेक वाचक पुस्तक सोडून देतात. ती पाने सरळ ओलांडावीत, त्यात कमीपणा नाही. मायर यांच्या पुस्तकातील चौकटी कंस मात्र ओलांडू नयेत. पपायरस जिथे फाटला किंवा किड्यांनी खाल्ला आहे तिथे अनुवादक कंसात टिंबे देतो, आणि तर्काने भरलेला शब्द कंसात ठेवतो. एखादे लोभस वाक्य उतरवून घेण्यापूर्वी त्यातला निम्मा भाग कंसात तर नाही ना, हे पाहण्याची सवय लागली की समाजमाध्यमांवर फिरणारी पुष्कळ ‘नॉस्टिक वचने’ आपोआप गळून पडतात. या कंसांसाठीच हे पुस्तक कागदावर घ्यावे असे माझे मत आहे, फोनच्या पडद्यावर ते नीट उमगत नाहीत.

नॉस्टिकांकडून पाश्चात्त्य गूढविद्येच्या व्यापक प्रवाहाकडे जाण्याचा पूलही याच खंडात आहे. ‘मेघगर्जना’ असलेल्या सहाव्या पोथीतच हर्मीस ट्रिसमेजिस्टसच्या नावावरील तीन लेख आहेत, आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा एक उताराही आहे, तोही असा वाईट भाषांतरित की प्लेटोला ओळखू येऊ नये. म्हणजे चौथ्या शतकातील त्या संग्राहकाला या सगळ्या गोष्टी एकत्र बांधाव्याशा वाटल्या. हर्मीसच्या ग्रीक ग्रंथांची पुढची कहाणी फ्लॉरेन्सला जाते. तिथले वृद्ध सत्ताधीश कोझिमो द मेदिची यांनी तत्त्वज्ञ मार्सिलियो फिचिनो यांना प्लेटोचे काम थांबवून आधी हर्मीसचा लॅटिन अनुवाद करायला लावले, तो १४६३ मध्ये पुरा झाला आणि १४७१ मध्ये छापला गेला. हर्मीस हा मोझेसच्या काळचा इजिप्ती ऋषी असल्याच्या समजुतीवर प्रबोधनकाळाने मोठी इमारत रचली. १६१४ मध्ये भाषापंडित आयझॅक कॅझोबन यांनी भाषेच्या पुराव्याने दाखवून दिले की हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातील आहेत. आणि नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत रोझिक्रुशियनांचा पहिला जाहीरनामा छापला गेला. इतिहासाने विश्वास काढून घेतला, तरी विश्वासाने नवे घर शोधले. मूळ ग्रंथ वाचायचे असतील तर ब्रायन कोपनहेव्हर यांचा १९९२ चा अनुवाद घ्यावा. त्याच्या टिपा मूळ मजकुरापेक्षा कितीतरी लांब आहेत, पण त्या नंतर पाहिल्या तरी चालते.

या सबंध प्रवाहाच्या इतिहासासाठी दोन पुस्तके समोर येतात. निकोलस गुडरिक-क्लार्क यांचे २००८ चे पुस्तक हर्मीसपासून पॅरासेल्सस, बोमे, स्वीडनबोर्ग, मेस्मर आणि ब्लाव्हाट्स्कींपर्यंत ओळीने नेते. कथनाचा ओघ चांगला आहे, व्यक्तिचित्रे उत्तम आहेत, पण लेखकाची सहानुभूती कधीकधी चिकित्सेला मागे टाकते. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात १९९९ मध्ये हर्मेटिक (हर्मीसच्या) तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे अध्यासन स्वीकारलेले वौटर हानेग्राफ यांचे २०१३ चे ‘वेस्टर्न एसोटेरिसिझम : अ गाइड फॉर द परप्लेक्स्ड’ आकाराने लहान आणि वाचायला थोडे खडतर आहे. त्यांचे म्हणणे असे की, ‘पाश्चात्त्य गूढविद्या’ नावाची एकसंध परंपरा कधी नव्हतीच. प्रॉटेस्टंट पंडितांनी आणि मग अठराव्या शतकातील ज्ञानोदयाच्या विवेकवाद्यांनी आपल्या ज्ञानातून जे जे बाहेर टाकले, त्याचा एक ढीग झाला आणि त्या ढिगालाच पुढे नाव मिळाले. न्यूटन यांची किमयेवरील हस्तलिखिते १९३६ मध्ये लिलावात विकायला काढली गेली आणि त्यांतील बरीचशी केन्स या अर्थशास्त्रज्ञाने विकत घेतली, तोवर ‘शास्त्रज्ञ न्यूटन’ आणि ‘किमयागार न्यूटन’ यांची फारशी कोणी गाठ घातली नव्हती, हे हानेग्राफ यांचे म्हणणे पटवण्यास पुरेसे आहे. मला यांपैकी एकच ठेवायचे असेल, तर मी हानेग्राफ ठेवीन. गोष्टी ऐकायच्या असतील, तर गुडरिक-क्लार्क.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हान्स योनास यांचे १९५८ चे ‘द नॉस्टिक रिलिजन’ भाषेच्या दृष्टीने सर्वांत देखणे, पण त्यात जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या या शिष्याचे स्वतःचे तत्त्वज्ञान इतके मुरलेले आहे की ते नंतर वाचावे. मायकेल विल्यम्स यांनी १९९६ मध्ये ‘नॉस्टिकवाद’ हा गटच मोडीत काढावा असे सुचवले. पेगल्स आणि मूळ ग्रंथ वाचून झाल्याशिवाय त्यातला झगडा कळत नाही. कबाला या यहुदी गूढविद्येसाठी गेर्शोम शोलेम यांचे १९४१ चे व्याख्यानांचे पुस्तक अजूनही भक्कम आहे. एका रहस्यकादंबरीमुळे ३२५ च्या, ख्रिस्ती बिशपांच्या नायसिया परिषदेने शुभवर्तमाने निवडली आणि उरलेली जाळली असा समज पसरला आहे. परिषदेपुढे तो विषयच नव्हता, इतकेच येथे नोंदवतो. टॅरोची इजिप्ती उत्पत्ती हीसुद्धा १७८१ मध्ये कूर द जेबलँ यांनी मांडलेली कल्पना आहे. दुकानात मिळणारी परिचित चित्रांची गड्डी १९०९ ची असून तिची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. टॅरोची पुस्तके घेताना ही दोन वर्षे ध्यानात ठेवली, तर विक्रेत्याच्या ‘पाच हजार वर्षांची विद्या’ या पालुपदाकडे दुर्लक्ष करता येते.

खरेदीबाबत एक व्यवहाराची सूचना. यांतील बहुतेक पुस्तके नागपुरात कपाटात तयार मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. नेहमीच्या दुकानदाराला लेखकाचे नाव, साल आणि आवृत्ती लिहून दिली, तर तो आणून देतो, थोडा वेळ लागतो इतकेच. परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनांची किंमत पाहून छाती दडपते, म्हणून कोपनहेव्हर आणि हानेग्राफ ही दोन पुस्तके तिघाचौघांत मिळून घ्यावीत. मायर यांचा खंड मात्र स्वतःचा असावा, कारण त्यात समासात पेन्सिलीने लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकात तसे करता येत नाही.